तापीतला शिंपला नेमका कोणता? रूप फसवतं, डीएनए सांगतो

खकनार : कैरी सोलायला पूर्वी घरोघरी सुरी लागायचीच असं नाही. नदीतून मोठासा शिंपला आणायचा, त्याची फुगीर बाजू खरबरीत दगडावर घासायची, मधोमध भोक पडलं की कैरी सोलायचं हत्यार तयार. भोकाची धार अशी की साल पातळ निघते आणि बोटही कापत नाही. तापीकाठच्या गावांत अजूनही एखाद्या आजीच्या फळीवर असा शिंपला सापडतो.

पण तो शिंपला कोणत्या जातीचा, हे कुणी कधी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. आता मात्र आहे. मोबाईलवर रोज मोती शेतीच्या जाहिराती येतात. शेततळ्यात शिंपले सोडा, वर्ष-दीड वर्षात मोती काढा, असं सांगतात. शिंपले येतात कुठून तर कुठून तरी. कोणत्या नदीचे, कोणत्या जातीचे, पावतीवर काही नसतं. विकणारा म्हणतो एक, निघतं दुसरंच. मग खरं-खोटं ठरवायचं कसं? त्याचं उत्तर आज प्रयोगशाळेत आहे. त्याला म्हणतात जनुकीय मार्कर. तो काय असतो आणि शिंपल्यांसाठी तो तयार करणं इतकं अवघड का, हे आज समजून घेऊ.

रूप पाहून जात का कळत नाही?

गाय-म्हैस लांबून ओळखता येते. शिंपल्याचं तसं नाही. समुद्रातलं कालव घ्या. ते लहानपणीच खडकाला चिकटतं आणि जागा मिळेल तसं वाढतं. सपाट खडकावर पसरट होतं, दाटीवाटीत उभट होतं, चिखलात लांबुळकं होतं. एकाच आईबापाची पिल्लं दोन ठिकाणी ठेवली तर दोन जाती वाटाव्यात, इतका फरक पडतो. उलट दोन वेगळ्या जाती एकाच खडकावर वाढल्या तर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

कोकणात कालवं, तिसऱ्या, मुळे, खुबे अशी नावं आहेत. पण एका खाडीतलं नाव दुसऱ्या खाडीत दुसऱ्याच शिंपल्याला असतं. शास्त्रज्ञांचंही फार वेगळं झालं नाही. कवचाचा आकार, बिजागरीवरचे दात, आतल्या स्नायूच्या डागाचा रंग असं बघून त्यांनी नावं दिली. त्यातली कितीतरी पुढे बदलावी लागली.

आपल्या गोड्या पाण्यातही हीच गत. भारतातल्या बहुतेक नद्या-तळ्यांत मोठे शिंपले मिळतात ते मुख्यतः लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या दोन गटांतले. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १८१९ मध्ये दिलं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८९ मध्ये एन. व्ही. सुब्बा राव यांचं गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरचं हस्तपुस्तक छापलं. आजही शिंपला ओळखायचा तर बरेच अभ्यासक ते उघडतात. पण ते पुस्तक कवचावर चालतं. आणि कवच फसवतं.

भद्रेतलं 'कालव', जे कालव नव्हतंच

फसवणुकीचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कर्नाटकात भद्रा नदीच्या वाहत्या पाण्यात, खडकाला सिमेंट लावल्यासारखा चिकटून राहणारा एक शिंपला आहे. समुद्रातल्या कालवासारखाच वेडावाकडा. १८९८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ ई. ए. स्मिथ यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला मुलेरिया डालयी म्हटलं. कारण दक्षिण अमेरिकेत, कोलंबियातल्या मग्दालेना नदीत अगदी असाच चिकटणारा शिंपला होता आणि त्याला तेव्हा मुलेरिया म्हणत. आफ्रिकेतही असा एक आहे. मग या तिघांना एका कुळात बसवलं गेलं, 'गोड्या पाण्यातली कालवं' म्हणून.

शंभर वर्षं हे असंच चाललं. २००० साली डीएनएची अक्षरं ताडून पाहिली, तर आपला भद्रेतला शिंपला त्या कुळात बसेना. त्याचे खरे नातेवाईक निघाले आपल्याकडचे साधे, चिखलात फिरणारे शिंपले. म्हणजे ज्या मोठ्या कुळात तापीतला शिंपला येतो, त्याच कुळातला हा. खडकाला चिकटायची युक्ती त्याने स्वतंत्रपणे शिकून घेतली. जोराचा प्रवाह आणि खडक, अशा ठिकाणी ती उपयोगी. अमेरिकेतल्याने तिकडे शिकली, याने इकडे.

आज त्याला स्यूडोमुलेरिया डालयी म्हणतात. त्या वंशात ती एकटीच जात आहे, आणि ती फक्त पश्चिम घाटातून येणाऱ्या थोड्या नद्यांत आहे. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तिचं नाव आहे. जोवर तिला अमेरिका-आफ्रिकेतल्यांची बहीण समजत होते, तोवर 'तिकडे आहेतच की' असं म्हणता येत होतं. डीएनएने सांगितलं की अशी दुसरी जगात नाही. वाचवायचं काय हे ठरवायला आधी ते काय आहे हे कळावं लागतं, ते असं.

मार्कर म्हणजे काय?

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. प्रत्येक पेशीत तिची प्रत असते. जपानी कालवाची ही पोथी २०१२ मध्ये वाचून प्रसिद्ध झाली. त्यात ५० कोटींपेक्षा जास्त अक्षरं आणि सुमारे २८ हजार जनुकं निघाली. प्रत्येक शिंपल्याची अख्खी पोथी वाचणं परवडणार नाही आणि गरजही नाही. सातबाऱ्यावरून शेत ओळखायचं तर गट नंबर पुरतो, तसंच. पोथीतली अशी एखादी ओळ शोधायची जी जातीजातीत किंवा माणसागणिक, म्हणजे इथे शिंपल्यागणिक, बदलते. ती ओळ म्हणजे मार्कर.

मार्करचे कामाप्रमाणे प्रकार आहेत.

पहिला, जात ओळखायचा. पेशीत ऊर्जा तयार करणारे छोटे भाग असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा जातीजातीत बदलतो. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी हा तुकडा बहुतेक प्राण्यांत पकडता येईल असं साधन दिलं. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी त्यालाच 'डीएनए बारकोड' म्हणायला सुरुवात केली. किराणा दुकानात पुड्यावरच्या रेघा वाचून मशीन वस्तूचं नाव सांगतं, तसं.

दुसरा, वस्ती आणि नातं ओळखायचा. पोथीत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं अडखळल्यासारखी पुन्हा पुन्हा येतात. सीए, सीए, सीए... एका शिंपल्यात ती १० वेळा, दुसऱ्यात १४ वेळा. याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रत्येक पिल्लाला एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळते. अशी दहा-बारा ठिकाणं तपासली की कोण कुणाचं पिल्लू, कोणती वस्ती कोणत्या वस्तीत मिसळली, हे कळतं.

तिसरा, एकाच अक्षराचा फरक. त्याला एसएनपी म्हणतात. एकेका ठिकाणाहून माहिती थोडी मिळते, पण अशी हजारो ठिकाणं एकदम वाचता येतात. अलीकडे कल याच्याकडे आहे.

मार्कर तयार कसा करतात?

ऐकायला सोपं वाटतं, पण मार्कर आयता मिळत नाही. एका जातीसाठी केलेला मायक्रोसॅटेलाइट दुसऱ्या जातीत बहुतेकदा चालत नाही. प्रत्येकीसाठी नव्याने खटपट.

आधी शिंपल्याच्या मांसाचा नखाएवढा तुकडा घेऊन कडक अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर आकार टिकतो पण डीएनएची नासाडी होते. मारायची गरज नसते. कवच थोडं उघडून आतल्या पडद्याची कडा कापली, तरी चालतं. नुसता कापूस फिरवूनही काम भागतं.

मग डीएनए वेगळा करायचा, त्याचे तुकडे यंत्रावर वाचायचे, आणि संगणकाला सांगायचं की अडखळणाऱ्या जागा शोध. पूर्वी यासाठी चुंबकी मण्यांवर तुकडे पकडून, जिवाणूंत वाढवून, एकेक वाचावे लागत. महिनोन् महिने जात. आता यंत्र लाखो तुकडे एकाच फेरीत वाचतं.

जागा सापडली की तिच्या दोन्ही बाजूंची २०-२० अक्षरं घेऊन 'प्रायमर' बनवतात. प्रायमर म्हणजे त्या जागेवर नेमका जाऊन बसणारा हुक. मग पीसीआर. कोरोनात हा शब्द सगळ्यांनी ऐकला. तापवायचं, थंड करायचं, पुन्हा तापवायचं. प्रत्येक फेरीत तुकडा दुप्पट होतो. हिशोब करा, ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. एवढे झाले की मोजता येतात.

शेवटी परीक्षा. वीस-तीस शिंपल्यांवर प्रत्येक प्रायमर चालवून बघतात. काही चालतच नाहीत. काही सगळ्यांत सारखंच उत्तर देतात, म्हणजे निरुपयोगी. काही एकदम तीन-चार ठिकाणी बसतात. शंभर जागांतून पंधरा-वीस कामाच्या निघाल्या तरी नशीब समजायचं.

शिंपल्यातच एवढं वाकडं का?

माशासाठी हेच काम तुलनेने सुरळीत होतं. शिंपला मात्र तीन ठिकाणी अडवतो.

पहिली अडचण चिकटपणाची. शिंपल्याच्या मांसात बुळबुळीत पदार्थ खूप. तो डीएनएबरोबर येतो आणि पीसीआर बंद पाडतो. म्हणून डीएनए धुऊन काढायच्या वेगळ्या रीती वापराव्या लागतात.

दुसरी अडचण जास्त फसवी. कालवांच्या डीएनएत फरक फार. इतके की प्रायमर जिथे बसायचा ती जागाच काही कालवांत बदललेली असते. मग तिथे हुक अडकत नाही आणि ती प्रत दिसतच नाही. समजा एका कालवात १० आणि १४ अशा दोन प्रती आहेत, पण १४ वाली पकडली गेली नाही. आपल्याला दिसणार फक्त १०. आपण म्हणणार, दोन्ही प्रती सारख्या, म्हणजे जवळच्या नात्यात वीण होते आहे. प्रत्यक्षात तसं काही नसतं. याला 'मुकी प्रत' म्हणू. ती पकडायचा खात्रीचा उपाय एकच. माहीत असलेल्या आईबापाची पिल्लं घ्यायची आणि हिशोब जुळतो का बघायचा. ही पायरी गाळून छापलेले निष्कर्ष पुढे चुकीचे ठरू शकतात.

तिसरी अडचण ऐकून गंमत वाटेल. माणसात, गायीत, माशात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. समुद्रातल्या काही शिंपल्यांत आणि आपल्या नदीतल्या शिंपल्यांच्या कुळात मात्र दोन वेगळ्या वाटा आहेत, हे १९९० च्या दशकात लक्षात आलं. आईची वाट सगळ्या पिल्लांत जाते. नर पिल्लांत त्याशिवाय बापाची वाटही जाते आणि ती मुख्यतः बीजकोशात राहते. या दोन डीएनएंत इतका फरक असतो की नराचा तुकडा चुकीच्या भागातून घेतला तर बारकोड वेगळीच जात सांगेल. नवी जात सापडली म्हणून पेढे वाटायचे आणि निघायचा त्याच शिंपल्याचा नवरा! म्हणून नदीतल्या शिंपल्याचा नमुना पडद्यातून किंवा पायातून घेतात, बीजकोशातून नाही.

पोर्तुगालचं कालव, माहेर तैवान

एवढ्या खटपटीतून मिळतं काय? युरोपातला किस्सा ऐका. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर एक कालव होतं, त्याला सगळे 'पोर्तुगीज कालव' म्हणत. १८६८ मध्ये एका जहाजाने वादळाच्या दिवसांत खराब होत आलेला असा माल फ्रान्सच्या जिरोंद नदीच्या मुखाशी फेकून दिला. त्यातली काही जगली, पसरली आणि फ्रान्समध्ये त्यांच्यावर मोठा धंदा उभा राहिला. शंभर वर्षांनी, १९७० च्या आसपास रोग आला आणि ती कालवं संपली. मग जपानहून कालवं आणून धंदा पुन्हा उभा करावा लागला.

१९९८ मध्ये डीएनए मार्कर लावून पाहिले. पोर्तुगीज कालव पोर्तुगालचं नव्हतंच. त्याचे सख्खे तैवानमध्ये सापडले. जुन्या काळी व्यापारी जहाजांच्या बुडाला चिकटून ते युरोपात आलं असावं, असं मानतात. म्हणजे युरोपने परदेशी पाहुण्याला गावकरी समजून त्याच्यावर शंभर वर्षं पोट भरलं. पाहुणा कुठला हे आधी कळलं असतं, तर त्याची बाकीची वस्ती कुठे आहे आणि नवं बीज कुठून आणायचं हेही आधी कळलं असतं.

नावाचे वाद मात्र मार्करनेही मिटत नाहीत बरं. २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे आशियाई कालवांचा जुना वंश क्रॅसोस्ट्रिया मोडून मॅगालाना हा नवा वंश सुचवला गेला. लगेच कालवांच्या अनेक अभ्यासकांनी लेखी विरोध केला. आजही दोन्ही नावं वाचायला मिळतात.

मोती शेती आणि आपली तापी

आता परत घरी येऊ. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र आपल्याकडे भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्यापाण्यातील मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे सिफाने, विकसित केलं. तिथे लॅमेलिडेन्सच्या दोन आणि पॅरेसियाची एक, अशा तीन जाती वापरतात. दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा तुकडा किंवा मणी आत बसवतात आणि शिंपला त्यावर थर चढवतो. तंत्र खरं आहे. गडबड होते ती शिंपला मिळवण्यात.

शेततळ्यासाठी शिंपले बहुतेक वेळा नदी-तळ्यातून गोळा करून विकले जातात. हजारांच्या संख्येने एका खोऱ्यातले दुसऱ्या खोऱ्यात जातात. यात तीन धोके. जात चुकीची असेल तर मोती लहान किंवा नाहीच. बरोबर रोग आणि परजीवी येतात. आणि शेततळं भरून वाहिलं की परके शिंपले आपल्या नाल्यात, तिथून तापीत. एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत. जात तपासायला एक बारकोड पुरतो. खोरं सांगायला मायक्रोसॅटेलाइट लागतात आणि त्यासाठी आधी तापीतल्या मूळ शिंपल्यांची नोंद हवी. ताडून बघायला मूळच नसेल तर मार्कर तरी काय सांगणार?

दुसरी गोष्ट धरणांची. नदीतल्या शिंपल्याचं पिल्लू जन्मल्यावर माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतं, काही दिवस त्याच्यावर राहतं आणि मग गळून तळाशी बसतं. शिंपला स्वतः फार चालत नाही, मासाच त्याची गाडी. तापी मुलताईहून निघते, बऱ्हाणपूर जिल्ह्यातून वाहत महाराष्ट्रात शिरते. मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्याही तिलाच मिळतात. पुढे जळगाव जिल्ह्यात हतनूरचं धरण, गुजरातेत उकाई. खालचा मासा भिंत चढून वर येत नाही, म्हणजे खालच्या शिंपल्याचं पिल्लूही येत नाही. वरची आणि खालची वस्ती किती तुटली, हे मार्कर सांगू शकतात. पण शिंपले बरीच वर्षं जगतात, त्यामुळे तुटल्याची खूण डीएनएत उमटायला पिढ्या जातात. तोवर आजच्या घडीची नोंद करून ठेवणं हेच शहाणपण.

शिंपला गेला तर बिघडतं काय, असं कुणी विचारेल. एक शिंपला दिवसभरात अनेक लीटर पाणी गाळतो. त्यातलं शेवाळ आणि गाळ खातो, उरलेलं तळाशी बसवतो. पगार न घेता काम करणारा नदीचा हा सफाई कामगार आहे. वाळू उपसली की तोही ट्रॉलीत जातो.

गावात काय करता येईल?

प्रयोगशाळा खकनारला नाही, म्हणून हात बांधलेले नाहीत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नियम मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात सारखाच. त्या वहीत झाडं-पक्षी लिहिले जातात, शिंपले सहसा राहून जातात. कोणत्या डोहात मिळतात, कोणत्या महिन्यात, मोठे की लहान, लोक त्यांना काय म्हणतात, एवढं लिहिलं तरी पुढच्या अभ्यासकाचं निम्मं काम होतं. कोरकू भाषेत, निमाडीत, आपल्या मराठीत जी नावं असतील ती सगळी लिहावीत. जुनी जाणती माणसं आहेत तोवरच ती मिळतील.

मोती शेती करणाऱ्यांनी शिंपले घेताना तीन प्रश्न विचारावेत. जात कोणती? कोणत्या नदीतून? लेखी देता का? तिसऱ्यावर टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच बरे. शक्यतो आपल्याच खोऱ्यातले शिंपले वापरावेत आणि शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावावी.

आणि मेलेल्या शिंपल्याची कवचं फेकू नका. पिशवीत घालून कोरडी ठेवा. सोबत चिठ्ठीवर गाव, नदी, तारीख लिहा. जिवंत मांस नसलं तरी कवचाच्या भुकटीतून डीएनए काढता येतो, हे सिद्ध झालं आहे. २०१३ मध्ये तर मोत्यांतून डीएनए काढून ते कोणत्या जातीच्या कालवातले हेही ओळखून दाखवलं गेलं.

म्हणजे आजीच्या फळीवरचा तो कैरी सोलायचा शिंपलाही कामाचा आहे. झिजलेला असला, तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तापीत कोण राहत होतं त्याचा तो साक्षीदार असू शकतो. कुठल्या डोहातून आणला होता, एवढं तिला आजच विचारून ठेवा.